थंडीत गाडी का रुसते?

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हिवाळ्यात आमच्याकडे आले की पहिल्याच पहाटे त्यांची फजिती होते. विदर्भ म्हणजे ऊन, एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं. स्वेटर आणलेला नसतो. मग घरातली वाकळ अंगावर ओढून ते चुलीपाशी बसतात आणि विचारतात, ‘इथं एवढी थंडी पडते?’ पडते की! 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. आमचं मुकुटबन यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, झरी जामणी तालुक्यात. इथं रोज काही तितका गारठा नसतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे आठ-दहा अंश हे नेहमीचंच.

अशा पहाटे आमच्या गावात कोंबड्याच्या आधी सेल्फचा आवाज उठतो. घर्रर्र, घर्रर्र, घर्र... मग कटकट... आणि शांतता. कुणाची तरी जीप रुसलेली असते. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून मी गावात गॅरेज टाकलं, त्याला तीस वर्षांहून जास्त काळ झाला. एवढ्या काळात मला अंथरुणात पडल्या पडल्या, नुसत्या आवाजावरून, कुणाच्या गाडीला काय झालंय ते साधारण कळायला लागलंय. पण एका पहाटे तो आवाज माझ्याच गाडीचा होता. तिथूनच सुरुवात करतो.

1997 सालचा जानेवारी. गॅरेजबरोबर मी एक जुनी डिझेल जीप भाड्यानं चालवायचो. पहाटे चारच्या सुमारास शेजारचे आजोबा दारावर थाप मारून म्हणाले, ‘भाऊ, गाडी काढ लवकर. सुनेच्या पोटात दुखून राहिलं.’ वणी आमच्यापासून तीसेक किलोमीटर. मी धावत जाऊन चावी फिरवली. सेल्फ दोनदा जड जड फिरला, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, डिझेलचा उग्र वास सुटला आणि इंजिन थंडच. पुन्हा चावी, पुन्हा तेच. चौथ्या वेळी बॅटरी बसली. अंगण सपाट, त्यामुळे धक्का मारूनही वेग येईना. सूनबाई ओट्यावर कण्हत होती. शेवटी पाटलांचा ट्रॅक्टर आणला, दोरखंडानं जीप टोचन केली, तेव्हा कुठं ती सुरू झाली. तोवर पाऊण तास गेला होता. मुलगी झाली ती रस्त्यातच, कायरच्या अलीकडे, जीपच्या मागच्या बाकावर. सोबत सुईण होती म्हणून निभावलं. माय-लेकी दोघी सुखरूप राहिल्या. आजोबा मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण मेकॅनिकच्या दारातली गाडी सुरू होत नाही, हे अख्ख्या आळीनं पाहिलं.

खरं सांगायचं तर गाडी सकाळी त्रास देते, हे मला पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. पण दुपारी ती गुमान सुरू व्हायची आणि दुपारी गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्या असायच्या. ‘बघू उद्या’ म्हणत राहिलो. थंडीतल्या बिघाडाची खोड हीच आहे. ऊन चढलं की तो लपतो.

आता मुळाशी जाऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, ते आपण लहानपणापासून अनुभवलंय. हवा दाबली की तापते. जुन्या डिझेल जीपच्या इंजिनात हवा साधारण विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबली जाते. चांगल्या इंजिनात ती पाच-सहाशे अंशांपर्यंत तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. म्हणजे या इंजिनाची काडेपेटी ही त्याची स्वतःची दाबलेली हवाच.

गंमत पुढे आहे. बाहेरची हवा तीस अंशांनी गार असली, तर आत दाबलेली हवा तेवढ्याच तीस अंशांनी कमी तापत नाही. दाबताना फरकही वाढतो. हिशेब मांडला तर तो सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या घरात जातो. त्यात रात्रभर गारठलेलं लोखंड हवेची ऊब शोषून घेतं. सेल्फ हळू फिरला तर शोषायला वेळही जास्त मिळतो आणि झिजलेल्या रिंगांमधून हवा खाली निसटत राहते. डिझेल इंजिन सुरू व्हायला सेल्फनं ते मिनिटाला शंभर-दीडशे फेरे तरी फिरवायला हवं. त्याहून कमी फिरलं, तर डिझेलचा फवारा उडतो, पण पेटत नाही. न पेटलेल्या डिझेलची वाफ पांढरा धूर होऊन बाहेर पडते.

माझ्या वडिलांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण कृती माहीत होती. आमच्या विहिरीवर पाच एचपीचं किर्लोस्करचं इंजिन होतं. रात्री गव्हाला पाणी द्यायचं तर ते आधी इंजिनावरची छोटी दांडी वर करायचे. तिनं व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली जात नाही, त्यामुळे हँडल हलकं फिरतं. मग हँडल जोरात फिरवून चाकाला वेग आला की दांडी खटकन खाली. तो वेग पहिल्या दाबाला पुरायचा आणि इंजिन धडधडायला लागायचं. मला ते बजावायचे, हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेव, पलीकडून गुंडाळू नको. इंजिनानं उलटा झटका दिला तर हात सुटून जातो, अंगठा मोडत नाही. मोटारींनाही पूर्वी असंच हँडल मारावं लागायचं. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ आला आणि माणसाच्या दंडातलं काम बॅटरीवर गेलं.

आणि आमच्या भागात बहुतेक वेळा घात करते ती ही बॅटरीच. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर वीज खातो. डिझेल जीपचा सेल्फ फिरताना दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि गंधकाचं आम्ल यांच्यात जी क्रिया चालते, ती गारठ्यात मंदावते. दुपारच्या मानाने आठ अंशांत बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते, असं धरून चला. त्याच वेळी इंजिनातलं ऑईल चार-पाच पट घट्ट झालेलं असतं. म्हणजे ओढणारा बैल अशक्त आणि गाडी चिखलात.

तरीही एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. आठ अंश ही इंजिनाच्या दृष्टीनं थंडीच नव्हे. ऑईलच्या डब्यावर 20डब्ल्यू-40 किंवा 15डब्ल्यू-40 लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. 20डब्ल्यू ऑईल उणे 15 अंशांना आणि 15डब्ल्यू उणे 20 अंशांना इंजिन फिरवू देतं की नाही, हे तपासूनच त्याला तो आकडा दिलेला असतो. डिझेलचंही तसंच. आपल्या मानकाप्रमाणे हिवाळ्यातलं डिझेल तीन अंशांपर्यंत वाहतं राहायलाच हवं. लडाखमध्ये मात्र साधं डिझेल गोठतं, म्हणून इंडियन ऑईलनं 2019 च्या नोव्हेंबरात तिथं उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल पाठवायला सुरुवात केली. तिथं थंडीशी खरी झुंज आहे. मुकुटबनला धडधाकट गाडी थंडीमुळे बंद पडणं शक्य नाही. ती बंद पडते, कारण ती आधीच आजारी असते.

आजारी कधी पडते? मे महिन्यात. वणी-चंद्रपूरच्या या पट्ट्यात पारा 45-46 वर जातो, तेव्हा बॉनेटखाली किती होत असेल, कल्पना करा. त्या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं. पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि तेवढा भाग कायमचा मरतो. आतलं शिसं गंजतं ते वेगळंच. दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब या धंद्यात सांगतात. पण उन्हाळ्यात इंजिन पातळ ऑईलवर हलकं फिरतं, म्हणून अर्धी मेलेली बॅटरीही काम उरकते. जानेवारीत तिला पूर्ण जोर लावावा लागतो आणि पितळ उघडं पडतं. लोक म्हणतात थंडीनं बॅटरी गेली. मी म्हणतो, गेली ती उन्हाळ्यातच, तुम्हाला कळलं आत्ता.

तेव्हा बॅटरीची काळजी एप्रिल-मेपासून घ्यायची. दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून पाणी बघायचं. प्लेटा बुडालेल्या हव्यात. घालायचं ते बॅटरीचं शुद्ध पाणीच. बोअरचं नाही, माठातलं नाही. दिवाळीनंतर एकदा गॅरेजमध्ये हायड्रोमीटर लावून घ्या. बाराशे पन्नासच्या आसपास काटा दिसला तर ठीक, बाराशेच्या खाली असेल तर चार्जिंग हवं. सगळ्या कप्प्यांचा आकडा सारखा आणि एकाचाच फार खाली, तर तो कप्पा गेला समजा. आताच्या बंद बॅटऱ्यांना झाकण नसतं. त्यांना रात्रभर उभ्या गाडीवर मीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धीच.

बॅटरी नवी घ्यायच्या आधी टर्मिनल मात्र बघा. त्यावर पांढरा-हिरवा क्षार साचतो. तो किती वीज अडवतो? समजा एका ओहमचा शंभरावा भाग. एवढ्याशानं काय होतंय, असं वाटेल. पण अडीचशे अँपिअर त्यातून जायचे तर अडीच व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. बारातले साडेनऊ उरले, सेल्फ कसा फिरणार? गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं टर्मिनल धुवायचं, पॉलिश पेपर मारायचा, घट्ट आवळायचं, वरून ग्रीस लावायचं. इंजिनापासून चॅसीकडे जाणारी अर्थिंगची पट्टीही तशीच साफ करायची. ती सगळेच विसरतात. मीटर नसेल तर एक सोपी खूण सांगतो. सेल्फ मारल्यावर हात लावून बघा. टर्मिनल कोमट लागलं तर ते ढिलं किंवा गंजलेलं आहे.

माझ्या त्या पहाटेच्या गाडीत मात्र दुसराही दोष होता. जुन्या जीपच्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटतं आणि मग मोठ्या खोलीत येतं. या कोठडीच्या भिंती फार ऊब खातात. म्हणून प्रत्येक सिलिंडरला हिटर प्लग दिलेला असतो. चावी अर्धी फिरवली की त्याचं टोक लालबुंद होतं आणि कोठडीला शेक मिळतो. ट्रॅक्टरमध्ये डिझेल थेट पिस्टनवरच उडतं, कोठडीच नसते. त्यामुळे आमच्याकडच्या थंडीत हिटर नसूनही तो सुरू होतो. त्या दिवशी पाटलांचा ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला का सुरू झाला आणि माझी जीप का नाही, याचं उत्तर एवढंच. नंतर मी चारही हिटर प्लग काढून बॅटरीवर लावून बघितले. एक लाल झाला. तीन काळेच राहिले. दुपारी इंजिन उन्हानं कोमट असायचं, तेव्हा एका प्लगवर भागत होतं.

हिटर प्लग तपासणं अवघड नाही. प्लग जोडणारी पट्टी सोडवायची, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावायचं. दिवा लागला तर प्लग जिवंत. इंजिन सुरू झाल्यावर मिनिटभर थरथरत असेल, पांढरा धूर काढत असेल आणि मग आपोआप सरळ होत असेल, तर एखाद-दुसरा प्लग गेलाय हे न उघडताही ओळखावं.

धुराकडे लक्ष द्यायला मी प्रत्येकाला सांगतो. सेल्फ जोमात फिरतोय आणि पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण ऊब नाही. हिटर किंवा कॉम्प्रेशन बघा. सेल्फ जोमात फिरतोय आणि धूरच नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. इंजिनानं एअर घेतली असेल. रात्रीच्या गारठ्यात जुने रबरी पाइप कडक होतात, वायसर सैल पडतात आणि पाइपमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत जातं. सकाळी फिल्टरवरचा हातपंप दाबून बघावा. दोन-चार दाबांत कडक झाला तर ठीक, बराच वेळ भुसभुशीत लागला तर कुठून तरी हवा शिरतेय. आणि सेल्फच जड फिरत असेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवा विझत आला तर बॅटरी किंवा टर्मिनल, दिवा तसाच लख्ख आणि नुसती कट्ट वाजली तर सेल्फचं काम.

सुरू करायची रीत अशी. दिवे, पंखा, टेप सगळं बंद. हिटरचा दिवा विझेपर्यंत थांबा. जुन्या गाडीला दिवा नसेल तर सावकाश वीसपर्यंत मोजा. गाडी न्यूट्रलला असली तरी क्लच पूर्ण दाबा. गिअरबॉक्समधलं घट्ट ऑईल फिरवायचं ओझं त्यानं वाचतं. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. नाही झाली तर अर्धा-एक मिनिट थांबा. या विश्रांतीत बॅटरी थोडी सावरते. तीनदा करून नाही झाली, तर चौथ्यांदा होण्याची आशा सोडा आणि बॉनेट उघडा. सुरू झाल्यावर रेस करून गुरगुरवायची नाही. ऑईल वरपर्यंत पोचायला वेळ द्या, मग सावकाश निघा.

चुकीचे उपाय मी इतके पाहिलेत, की त्यावर वेगळं भाषण होईल. शेकोटीतले निखारे ओढून ऑईल चेंबरखाली घालणं हा आवडता उपाय. खाली डिझेलची गळती असली किंवा वायर लोंबत असली की संपलं. पेटता बोळा हवेच्या पाइपाशी धरणं हा दुसरा. तिसरा त्या स्प्रेचा. तो पाइपात मारला की इंजिन टणकन सुरू होतं खरं, पण तो पेट्रोलपेक्षाही लवकर पेटणारा इथर असतो. हिटर लाल असताना मारला तर आत स्फोटच होतो आणि रिंगा तुटतात.

आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असल्यामुळे आणखी एक चूक घडते. जीप बंद पडली की समोरून येणाऱ्या ट्रकला हात करायचा आणि त्याच्या बॅटरीवरून वायरी जोडायच्या. मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची, जीप-कारची 12 ची. जुन्या जीपचे बल्ब जातात, नव्या गाडीचा तर कॉम्प्युटरच जळतो आणि खर्च ऐकून थंडी पळते. मदत 12 व्होल्टच्या गाडीचीच घ्यायची. आधी प्लसला प्लस, मग चांगल्या बॅटरीचा मायनस आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्या तोंडाशी ठिणगी नको.

धक्का मारण्याचं म्हणाल तर जुन्या डिझेल गाडीला हरकत नाही. चावी चालू, दुसरा गिअर, वेग आल्यावर क्लच सोडायचा. पहिल्या गिअरला चाकंच घसटतात. मुक्कामी एसटीचे जुने ड्रायव्हर गाडी रात्री उताराकडे तोंड करून लावायचे. चाकाला दगड लावून बसस्टँडवर निवांत झोपायचे. तेही शहाणपणच. ऑटोमॅटिक गाडी मात्र धक्क्यानं सुरू होत नाही. नव्या पेट्रोल गाडीला वारंवार धक्का देऊ नये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या जाळीत जाऊन तिचं नुकसान करतं.

मोटारसायकलवाल्यांसाठी थोडक्यात. कार्बोरेटरची गाडी असेल तर पहाटे चोक ओढा. गारठ्यात पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून हवेच्या मानानं पेट्रोल जास्त द्यावं लागतं. सुरू झाल्यावर अर्ध्या-एक मिनिटात चोक परत ढकला, नाहीतर प्लग काळा पडतो. एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांना चोक नाही. चावी लावून दोन सेकंद थांबा, पंपाचा बारीक आवाज थांबला की मग बटण दाबा. पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल लोक विचारतात. इथेनॉल गारठ्यात लवकर वाफाळत नाही, हे खरं. ब्राझीलमध्ये तर नुसत्या इथेनॉलवर गाड्या चालतात आणि तिथं थंडीत सुरू करण्यासाठी गाडीत पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी देत असत. आपल्याकडे मिश्रण 20 टक्क्यांचं, त्यानं आठ अंशांत अडू नये. पण इथेनॉल पाणी धरतं. म्हणून गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

ती जीप मी पुढे विकली. शेजारच्या आजोबांची नात तालुक्याला नोकरीला जाते, तिच्या स्कूटीची बॅटरी दरवर्षी दिवाळीनंतर मीच तपासतो. ती स्वतःहून आणून लावते, कारण तिच्या आजीनं तिला सगळी हकीकत सांगितलेली आहे.

गाडी सकाळी त्रास देते, अशी तक्रार घेऊन लोक गॅरेजला येतात ते दुपारी बारा वाजता, पंधरा किलोमीटर चालवून, इंजिन तापवून. मग मी चावी फिरवतो आणि ती एका सेल्फला सुरू होते. दोघंही एकमेकांकडे बघत राहतो. तेव्हा गाडी आणायची घाई करू नका. रात्रभर अंगणात उभी राहू द्या आणि पहाटे कुणीही चावी लावायच्या आधी मला निरोप पाठवा. मी येतो.